तळातलं बडोद्याचं

आमच्या घरात ‘बडोदं किती लांब?’ असं विचारलं, तर मैल कुणी सांगत नसे. आजोबा म्हणायचे, पेणला एक मुक्काम, गिरगावात एक मुक्काम, मग रात्रभर गाडी. आजी त्याहून थोडक्यात सांगायची. ती पत्र्याच्या ट्रंकेकडे बोट दाखवायची. ट्रंक भरायची तिची रीत ठरलेली होती आणि त्यात कुणाचा हात लागलेला तिला खपत नसे. वरचं पेणचं, मधलं गिरगावचं, तळातलं बडोद्याचं.

वरच्या थरात पेणच्या मावशीआजीसाठी करवंदाचं लोणचं आणि परसातली भाजी असायची. लोणच्याच्या बरणीचं तोंड फडक्याने बांधलेलं. मधे गिरगावच्या आत्यासाठी कडवे वाल, आमसुलं आणि घरच्या उकड्या तांदळाची पिशवी. तळाला जुन्या लुगड्याची घडी अंथरून त्यावर बडोद्याच्या काकांचं: फणसाची साठं, आंबोशी, पुन्हा वाल, पुन्हा तांदूळ. पेणला मावशीआजीकडे पोहोचलं की वरचा थर निघायचा आणि रिकाम्या जागेत तिने दिलेले पोह्यांचे पापड जायचे, तेही पुढच्या दोन घरांसाठी वाटणी करून. त्यामुळे वाटेत ट्रंक हलकी झाल्याचं कधी जाणवलं नाही.

हे सगळं गागोदे बुद्रुकचं. पेण तालुक्यातलं, खोपोलीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूचं, डोंगराच्या कुशीतलं आमचं गाव. एका घराच्या तीन शाखा आणि त्यांत वाढलेली आम्ही चुलत, आते, मावस भावंडं. आमच्यातला जवळजवळ प्रत्येक जण १९५० नंतरच्या दहा-बारा वर्षांतला. कुणी गागोद्यात जन्मलं, कुणी गिरगावात, कुणी बडोद्यात दांडिया बाजारात. तरी आमचं बालपण एकच आहे, कारण त्यातला मोठा भाग या वाटेवरच गेला.

कोकणातल्या एका खेड्याचा बडोद्याशी संबंध काय, असं आज कुणी विचारतं. त्या काळी कुणी विचारत नसे. तिसऱ्या सयाजीरावांची कारकीर्द १८७५ पासून १९३९ पर्यंत चालली. शाळा, ग्रंथालयं, कलाभवन, कचेऱ्या यांसाठी त्यांना शिकलेली माणसं हवी होती, आणि गायकवाडांचं राज्य असल्यामुळे मराठी माणसाला तिथे परकं वाटत नव्हतं. १९०९ सालीच मराठी साहित्य संमेलन बडोद्याला भरलं होतं. भाताची खाचरं सगळ्या भावांना पुरत नाहीत हे कळल्यावर कोकणातली घरं एक मुलगा मुंबईला धाडत आणि एखादा बडोद्याला. आमच्या घराने दोन्ही केलं.

आणि आमच्या आधी गावातलं आणखी एक घर याच वाटेने गेलं होतं. विनोबा भावे गागोद्याचे. जन्म ११ सप्टेंबर १८९५. त्यांचे वडील नरहरपंत नोकरीसाठी बडोद्याला राहायचे आणि आई रुक्मिणीबाई मुलांना घेऊन गागोद्यात, आजोबा शंभूरावांच्या घरी. विनोबांनी पुढे सांगितलेली दिवाळीची आठवण आमच्या आजीला तोंडपाठ होती. वडील बडोद्याहून येणार, मिठाई आणणार, असं आईने सांगितलेलं. वडील आले, हातात पुडकं दिलं. पुडकं चौकोनी, कडक. सोडलं तर आत पुस्तकं, मुलांसाठीचं रामायण आणि महाभारत. मुलगा ती घेऊन आईकडे गेला, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. याहून चांगली मिठाई असूच शकत नाही, असं तिने त्याला समजावलं.

आजी ही गोष्ट सांगताना पुस्तकांवर फार थांबत नसे. ती थांबायची त्या पुडक्याच्या प्रवासावर. बडोद्यात बांधलेलं पुडकं गागोद्यापर्यंत कसं आलं असेल, हे ती आम्हाला टप्प्याटप्प्याने सांगायला लावायची, आणि आम्ही पाढ्यासारखं म्हणायचो. मोठं झाल्यावर मी तो पाढा नीट तपासला. १९०० च्या आसपास बडोद्याहून निघालेला माणूस बी.बी.सी.आय. रेल्वेने मुंबईला यायचा. हा मार्ग १८६४ मध्येच पुरा झाला होता. भरूचजवळ नर्मदा ओलांडायची ती १८८१ च्या लोखंडी पुलावरून, ज्याला आता गोल्डन ब्रिज म्हणतात. मुंबईत उतरून धक्का गाठायचा, तिथून आगबोटीने धरमतर, आणि धरमतरहून पेणमार्गे बैलगाडीने किंवा पायी गागोदं.

यात एक अडचण अशी होती, जी आजच्या प्रवाशाच्या ध्यानातही येणार नाही. त्या वाटेवर तीन वेगवेगळ्या वेळा चालायच्या. रेल्वे मद्रासच्या वेळेने धावायची. मुंबई शहराची स्वतःची वेळ होती, मद्रासच्या वेळेपेक्षा अर्धा तास मागे. १ जानेवारी १९०६ पासून देशाची एक प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईत कितीतरी ठिकाणी जुनीच वेळ चालू राहिली, प्रमाणवेळेहून ३९ मिनिटं मागची. महापालिकेने तर ती कितीतरी वर्षं सोडली नाही. आणि तिसरी वेळ खाडीची. धरमतरच्या खाडीत बोट यायची ती पाण्याच्या मर्जीने.

ही खाडीची वेळ आजोबांच्या हातातली होती. आजची तिथी कोणती ते पाहायचं आणि तिची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला आणि अवसेला सव्वाअकराच्या पुढे. रोज भरती पाऊण तासाच्या वर थोडी पुढे सरकते, म्हणून हा हिशोब जमतो. बडोद्याला कुणी जायचं ठरलं, की आजोबा ओटीवर पंचांग आणि रेल्वेचं टाइमटेबल शेजारी शेजारी उघडून बसायचे. दोन्ही जुळेल असा दिवस सापडला, की पाटीवर लिहायचे. मुहूर्त वगैरे त्यांनी कधी पाहिला नाही. भरती आणि मेल जुळली, की तो दिवस चांगला.

आजीचं मात्र खाडीशी एका दिवसापासून बिनसलं होतं. १७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेवर माणसं गेली. दुसऱ्या दिवशी अमावास्या, सण घरी करायला निघालेली माणसं होती ती. अलिबाग-पेण भागात त्या दिवशी कुणाकुणाचं माणूस गेलं याच्या बातम्या गावोगाव पायी पोहोचत होत्या. आमच्या घरचं कुणी बोटीवर नव्हतं, पण मावशीआजीच्या आळीतलं होतं. तेव्हापासून आजीने नियम केला: सामान लाँचने, पोरं रस्त्याने. आजोबांनी भरतीचा हिशोब किती समजावला, तरी तो नियम मोडला नाही. म्हणून आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी लहानपणी ती लाँच फक्त धक्क्यावरून पाहिली, ट्रंक घ्यायला आत्याच्या यजमानांबरोबर गेलो तेव्हा.

आमची वाट जमिनीवरची. गागोद्याहून पेण, मावशीआजीकडे मुक्काम. पेणला मुक्काम म्हणजे गणपती. चित्रशाळेच्या दारात तासन् तास बसायला आम्हाला कुणी हटकत नसे. शाडूच्या ओल्या मातीचा वास, फळीवर एका ओळीत वाळणाऱ्या मूर्ती, आणि शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी करणारा माणूस श्वास रोखून एकाच दमात भुवईची रेघ ओढायचा आणि मगच मान वर करायचा. आम्हीही तेवढा वेळ श्वास रोखायचो. बडोद्याचे भाऊ तर पेणला पोहोचले, की गागोद्याला जायला तयारच नसत.

दुसऱ्या दिवशी एस्टी. पनवेल, मग मुंब्र्यावरून ठाणं. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये झाला. तोपर्यंत मुंबईला जायचं तर हाच मोठा वळसा. ठाण्याहून लोकल, दादरला पूल चढून दुसऱ्या लाइनीला, आणि ग्रँट रोडला उतरून चालत आत्याची चाळ.

या आत्याच्या खोलीबद्दल मला जास्त लिहायचं आहे, कारण आमच्या तिन्ही शाखा जिथे भेटल्या ती जागा गागोद्याची ओटी नव्हे आणि बडोद्याचा वाडाही नव्हे. ती गिरगावची दीड खोली. पुढे गॅलरी, मागे मोरी, मधे आत्या, तिचे यजमान, तीन मुलं, सासूबाई, आणि बाराही महिने कुणी ना कुणी वाटेवरचं. कुणी बडोद्याहून आलेलं, गागोद्याला निघालेलं. कुणी गागोद्याहून आलेलं, बडोद्याला निघालेलं. कुणी मुंबईत डॉक्टरांना दाखवायला, कुणी मुलगी पाहायला. रात्री गॅलरीत ओळीने वळकट्या पसरायच्या आणि कुणाचे पाय कुणाच्या डोक्याशी येतील ते आत्या ठरवायची. ज्याची गाडी लवकर त्याला दाराजवळ जागा.

दोन्हीकडच्या बातम्या तिथेच अदलाबदल व्हायच्या. पोस्टकार्डावर लिहिता येत नाही ते आत्याच्या मोरीशेजारी बोललं जायचं. कुणाला कर्ज झालंय, कुणाचं लग्न मोडायच्या बेतात आहे, कुणाला दिवस गेलेत. जमिनीच्या वाटणीवरून आजोबा आणि काका यांच्यात वर्षभर अबोला होता, तो मिटला त्याच गॅलरीत. दोघे एकाच रात्री वाटेत होते. एक येत होता, एक जात होता. आत्याने दोघांची अंथरुणं शेजारी टाकली. सकाळी चहा पिताना ते भरतीच्या वेळेबद्दल बोलत होते.

पाळण्याची गोष्टही तिथलीच. बडोद्याजवळ संखेडं आहे, लाखेच्या रंगाच्या लाकडी कामासाठी नावाजलेलं. सागवानावर कथलाच्या वर्खाची नक्षी काढतात, वरून लाख चढवतात आणि केवड्याच्या पानाने घासून झळाळी आणतात. घरात पहिलं नातवंड येणार कळल्यावर काकांनी तिथून एक पाळणा करवून घेतला. लालसर, सोनेरी, दांड्यांवर वेलबुट्टी. तो सुटा करून गोणपाटात बांधला, रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमध्ये टाकला आणि मुंबईला पाठवला. पुढे तो लाँचने यायचा. पण गाडी उशिरा आली, पावसाळा लागला आणि लाँच बंद झाल्या. एस्टीच्या टपावर पाळणा न्यायला आजोबा तयार नव्हते. झालं, पाळणा दीड खोलीत अडकला. त्याच पावसात आत्याला मुलगा झाला. मग गोणपाट सोडलं गेलं. गागोद्यातल्या पहिल्या नातवंडासाठी केलेल्या पाळण्यात पहिल्यांदा गिरगावचा मुलगा निजला, आणि दिवाळीनंतर पाळणा गावी आला तेव्हा ते पहिलं नातवंड कुशीवर वळायला लागलं होतं. त्यानंतर आम्ही सगळी त्यात निजलो. आतेभाऊ अजूनही स्वतःला आमच्यात थोरला समजतो, जन्मतारखेने तो नसला तरी.

गिरगावहून पुढचा टप्पा सोपा, पण आम्हाला सर्वांत लांब वाटायचा, कारण तो रात्रीचा. मुंबई सेंट्रलपासून बडोदं ३९२ किलोमीटर. थर्ड क्लासच्या लाकडी बाकावर आम्ही पोरं एकमेकांवर रेलून झोपायचो. पालघर, डहाणू, वलसाड ही नावं झोपेत ऐकू यायची. सुरतला मात्र कुणी तरी मोठं माणूस हमखास उठवायचं. इथे विनोबा उतरले, म्हणायचं. १९१६ च्या मार्चमध्ये ते इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघाले होते. सुरतला गाडीतून उतरले, भुसावळची गाडी धरली आणि काशीला गेले. परत घरी राहायला आलेच नाहीत. आमचे वडील हे सांगायचे तेव्हा त्यांच्या आवाजात अभिमान असायचा. आमची आई त्या वेळी खिडकीबाहेर बघायची. एकदा ती एवढंच म्हणाली, ‘रुक्मिणीबाईंना किती दिवसांनी कळलं असेल?’ पुढे दोनच वर्षांत, १९१८ च्या साथीत, त्या गेल्या.

सुरतनंतर झोप लागायच्या आत भरूच. नर्मदेचा पूल आला, की डब्यात सगळे जागे. आमची गाडी जायची ती १९३५ सालच्या नव्या पुलावरून. चांदणं असेल तर शेजारी जुन्या पुलाच्या कमानी दिसायच्या. आत्याने निघताना प्रत्येकाच्या रुमालाच्या टोकाला एक नाणं बांधलेलं असायचं. गाठ दाताने सोडायची, हात गजांतून बाहेर काढायचा, आणि नदी मधोमध आली की टाकायचं. बहुतेकांचं नाणं पुलाच्या लोखंडावर आपटून टणकन वाजायचं. ज्याचं वाजलं नाही त्याचं पाण्यात पोचलं, असा हिशोब. त्यावरून बडोदं येईपर्यंत भांडणं चालायची.

बडोद्याच्या दिवसांबद्दल लिहायला बसलो तर ते वेगळंच प्रकरण होईल. सूरसागराच्या काठी संध्याकाळ, काकूच्या हातचा लीलो चेवडो, मराठीत मिसळलेलं गुजराती. आमच्या चुलतबहिणी आपसात भांडताना गुजरातीत भांडायच्या आणि आम्ही समोर आलो की मराठीत समेट करायच्या. १ मे १९६० ला मुंबई राज्याची दोन राज्यं झाली, तेव्हा काकांचं घर एका राज्यात आणि आमचं दुसऱ्यात गेलं. आत्याच्या गॅलरीत त्याने काही बदललं नाही.

बदललं ते हळूहळू, आणि चांगल्या कारणांनी. वाशीचा पूल झाला आणि ठाण्याचा वळसा गेला. ऐंशीच्या दशकात दिवा-पनवेलची लाइन पेणवरून रोह्यापर्यंत आली. त्याच सुमारास दिवा आणि वसई जोडली गेली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पुरी झाल्यावर गुजरातकडे जाणाऱ्या गाड्या पनवेलहून थेट वसईला निघू लागल्या. मुंबईत शिरायचं कारणच उरलं नाही. आम्ही पनवेलला बसायचो आणि बडोद्याला उतरायचो. तेव्हा आम्हाला किती आनंद झाला होता! सामान उचलायला नको, पूल चढायला नको, रात्री कुणाला त्रास द्यायला नको. हे ‘त्रास द्यायला नको’ आम्हीच म्हणालो. आत्याने कधी म्हटलं नव्हतं.

आता तर १२ जानेवारी २०२४ पासून अटल सेतू आहे. शिवडीहून न्हावाशेवा, जवळजवळ २२ किलोमीटर, त्यातला बराचसा समुद्रावरून. वंदे भारत मुंबईहून बडोद्याला पाच तासांच्या आत नेते. बडोद्याची पुतणी सकाळी गाडी काढते आणि रात्रीच्या जेवणाला गागोद्यात असते. तिच्या गाडीच्या डिकीत सगळं सामान एकत्र असतं, कारण ते एकाच घरी उतरायचं असतं. ती मनापासून येते, गावावर तिचा जीव आहे. पण तिला गिरगावची भावंडं ओळखीची नाहीत. आतेभावाचा मुलगा तिला एका लग्नात भेटला, तेव्हा दोघांनी हात जोडून एकमेकांना ‘तुम्ही’ म्हटलं. त्यांचे आजे एका गॅलरीत पायाला डोकं लावून झोपलेले.

विनोबांच्या आईची एक गोष्ट आहे. देवाला एक लाख तांदूळ वाहायचा तिने संकल्प केला होता आणि रोज ती एकेक दाणा मोजायची. नरहरपंतांनी सुचवलं, थोडे मोजून वजन कर आणि त्या हिशोबाने सगळे तोलून घे. तिला काय उत्तर द्यावं सुचेना. तिने मुलाला विचारलं. मुलगा म्हणाला, एकेका दाण्याबरोबर मन देवाकडे जातं, तो हिशोबाचा विषय नाही. आजी ट्रंक भरताना ही गोष्ट सांगायची तेव्हा आम्हाला कंटाळा यायचा. वालाची पुरचुंडी बांधताना ती त्या त्या घरातल्या माणसांची नावं पुटपुटायची, मावशीआजीपासून काकांच्या धाकटीपर्यंत. एकही नाव चुकलं तर पुरचुंडी सोडून पुन्हा बांधायची.

आमच्या मोठ्या ताईने, म्हणजे काकांच्या थोरलीने, हे मनावर घेतलंय. ती पंचाहत्तरीच्या आसपास आहे, गुडघे दुखतात, तरी बडोद्याहून गावी यायचं तर ती एक रात्र डोंबिवलीत थांबते. चाळ पाडल्यावर आतेभाऊ तिथे राहायला गेला. आणि पेणला मावशीआजीच्या नातसुनेकडे चहा घेतल्याशिवाय पुढे येत नाही. मुलं म्हणतात, आई, उगाच एक दिवस वाढतो. ती ऐकत नाही. आम्ही बाकीच्यांनीही आता तसंच करायचं ठरवलं आहे. मावशीआजीची आणि आत्याची, दोन्ही घरं वाटेवर घ्यायची, आणि पोरांना बरोबर न्यायचं.

पुतणीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा पाळण्याचा विषय निघाला. तो गागोद्यात माळ्यावर होता, लाख ठिकठिकाणी उडालेली, एक दांडी सैल. पुतणी म्हणाली, मी गाडीने थेट नेते. ताईने नाही म्हटलं. आतेभावाच्या घरी त्याच सुमारास नातू होणार होता. पाळणा आधी डोंबिवलीला गेला, तिथल्या बाळाचं बारसं त्यात झालं, आणि चार महिन्यांनी संखेड्याला लाख चढवायला गेला. तिथून तो पुतणीकडे पोहोचला, तिची मुलगी तेव्हा पालथी पडायला लागली होती. आता मावशीआजीच्या पणतीकडे बाळ होणार आहे. पेणच्या घराला आजवर पाळणा कधी मिळालेला नाही, या वेळी आमचा नंबर, असा त्यांचा फोन आला आहे. डोंबिवलीकरांच्या धाकट्या सुनेनेही नंबर लावलेला आहे. ताई बडोद्याहून दोघांची समजूत घालते आहे.